सात महिने पाठीवर: कामाच्या प्रवासाच्या बॅगेचा अनुभव

जूनमध्ये ही बॅग घेतली तेव्हाच ठरवलं होतं, लगेच काही लिहायचं नाही. नवी बॅग पंधरा दिवस सगळ्यांनाच आवडते. आता जानेवारी आलाय, मुंबईच्या वीसेक फेऱ्या झाल्यात, दोनदा दिल्ली झालीये आणि वापी-अंकलेश्वरचा तर हिशेबच नाही.

मी वडोदऱ्याची. मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत पंपांची विक्री बघते. बॅग म्हणजे साधी पाठीवरची, काळी, ३५ लिटरची. ३,४०० रुपये, रिकामी असताना वजन सव्वा किलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर पुढे तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे हुबेहूब हीच बॅग वेगवेगळ्या नावांनी विकायला असते.

याआधी माझ्याकडे लॅपटॉपची एक बॅग, कपड्यांची ट्रॉली आणि निघताना आईने हातात कोंबलेली पिशवी, असे तीन डाग असायचे. रात्रीच्या गाडीने पहाटे दादरला उतरायचं ठीक. पण मीटिंग संपवून संध्याकाळी त्याच दादरच्या पुलावर ट्रॉली उचलून जिने चढून बघा. मागून येणारा माणूस काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्याकडे मुंबईची मीटिंग आदल्या दिवशी पक्की होते. म्हणजे तत्काळच. एसीचं तत्काळ सकाळी १० वाजता उघडतं, आणि जुलै २०२५ पासून ऑनलाइन काढायचं तर खातं आधारशी जोडलेलं लागतं. पहिल्या अर्ध्या तासात एजंटला हातच लावता येत नाही, त्यामुळे ‘काका, एक सीट बघा ना’ म्हणून निवांत बसायचे दिवस गेले. तिकीट मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला वंदे भारत. ही अहमदाबादहून येणारी गाडी मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. वडोदऱ्यापासून मुंबई सेंट्रल ३९२ किलोमीटर, आणि जेवणाच्या वेळेआधी आपण पोचलेलो. तिचं कौतुक सगळेच करतात, मीही करते. पण आदल्या दिवशीची ती संध्याकाळ, चार्जर कुठे, बिलांचं पाकीट कुठे, इस्त्रीचा कुर्ता कुठे, ती काही गाडी वाचवत नाही.

ती वाचली, कारण ही बॅग मी कधीच पूर्ण रिकामी करत नाही. जुलैत लॅपटॉपचा दुसरा चार्जर घेतला. १,१०० रुपये देताना जिवावर आलं होतं, पण तो आता बॅगेतच राहतो. टूथब्रश, गोळ्या, व्हिजिटिंग कार्डं, एक कुर्ता, सगळं आतच. घरी आल्यावर फक्त धुण्याचे कपडे बाहेर आणि धुतलेले आत. संध्याकाळी लॅपटॉप सरकवला की झालं. यासाठी हीच बॅग हवी असं मुळीच नाही, पण हिची कपड्यांची बाजू सूटकेससारखी पूर्ण उघडते, त्यामुळे तळाशी काय आहे ते दिसतं.

विमानात केबिन बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते. माझी भरून साडेसहा होते. लॅपटॉपचा कप्पा पाठीकडून वेगळा उघडतो, तपासणीच्या ट्रेसाठी आतले कपडे विस्कटावे लागत नाहीत. पॉवर बँक मात्र बघून घ्या. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे १०० च्या आत, केबिनमध्ये चालते. चेक-इनच्या सामानात ती टाकायचीच नाही. माझ्या जुनीवरचे आकडे घासून गेले होते, तर दिल्लीत दहा मिनिटं समजावत बसले.

वरचा छोटा कप्पा मी फक्त बिलांसाठी ठेवलाय. टॅक्सी, जेवण, पार्किंग. पण कागदावर विसंबू नका. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाळ्यात महिनाभरातही उडू शकतात आणि अकाउंट्सवाले कोऱ्या कागदाचे पैसे देत नाहीत. बिल हातात आलं की तिथेच फोटो.

आता तक्रारी. बाटलीचा कप्पा अर्ध्या लिटरच्या पुढे काही घेत नाही. आतलं अस्तरही काळंच, पेन शोधायला टॉर्च लागतो. पावसाळी कव्हर फक्त पुढून झाकतं, पाठीकडून पाणी आत येतं. ऑगस्टमध्ये अंधेरीत एक कोटेशन पार लगदा झालं. आणि चौथ्याच महिन्यात मुख्य चेन गेली. एक वर्षाची वॉरंटी होती, पण विकणाऱ्याने ‘चेन वॉरंटीत येत नाही’ असं सांगून मेसेजला उत्तर देणंच बंद केलं.

आईचा प्रश्न वेगळा. तिच्या मते अर्धा किलो भाखरवडी मावत नाही ती बॅगच नव्हे. मुंबईच्या ऑफिसात दोन पुणेकर आहेत, त्यांच्याशी बडोद्याची भाखरवडी की पुण्याची, हा वाद दर फेरीला नव्याने होतो, आणि पुरावा मलाच न्यावा लागतो. बाजूच्या कप्प्यात मावतो, थोडा चुरा होतो.

चेन शेवटी रावपुऱ्यात बसणाऱ्या एका काकांनी साठ रुपयांत केली. रनर बदलला, मेण लावून दिलं. जाताना म्हणाले, ‘दुसराही बदलून घे बेन, चाळीस दे.’ मी नको म्हटलं. गेल्या आठवड्यापासून तो दुसरा अडकायला लागलाय.