म्युझिकजेन काही महिने वापरून: सगळं वाजतं, हलगी सोडून

फसलेल्या तुकड्याचंही क्रेडिट कापणाऱ्या एका संकेतस्थळाला महिन्याचे पैसे मोजण्यापेक्षा मेटाचं म्युझिकजेन बरं. हे इंग्रजीत लिहिलेल्या वर्णनावरून (प्रॉम्प्ट) संगीत तयार करणारं एआय मॉडेल. गूगल कोलॅबवर ब्राउझरमधून मिळणाऱ्या मोफत टी-४ ग्राफिक्स कार्डावर त्याचं मधल्या आकाराचं, मीडियम मॉडेल चालतं. एका वेळी ३० सेकंदांचा तुकडा, ३२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचा. सिंथ, पियानो, गिटार झकास.

पण कोल्हापुरात कुस्तीच्या व्हिडिओला पियानो लावायचा का? प्रॉम्प्टमध्ये 'हलगी' लिहा, गुळमुळीत ढोल येतो, कधी चक्क ड्रमसेट. सगळ्या संस्कृतींचं संगीत सारखं जमत नाही, हे मॉडेलच्या माहितीपत्रकातच आहे आणि शिकवणीतली वर्णनं इंग्रजी. त्यामुळे वाद्याचं नाव टाकू नका, आवाज लिहा: 'फ्रेम ड्रम, टू स्टिक्स, ड्राय, हाय पिच, नो बास'. थोडं जवळ जातं. शेकलेल्या हलगीचा कडकडाट मात्र नाही.

मग लोक मेलडी मॉडेलला, म्हणजे दिलेल्या फाइलची चाल उचलणाऱ्या आवृत्तीला, हलगीची फाइल देतात. वेळ फुकट. ते आधी डीमक्स या वाद्यं वेगळी करणाऱ्या साधनाने ड्रम आणि बास काढून टाकतं, उरलेल्यातून १२ स्वरांचा क्रोमा, म्हणजे कुठला स्वर कधी वाजतो याचा आराखडा, घेतं. म्हणजे जे हवंय तेच पहिल्यांदा कचऱ्यात!

इथवर २ स्टार. कंटिन्युएशनने, म्हणजे दिलेला नमुना पुढे वाजवत नेण्याच्या सोयीने, मत बदललं. खऱ्या हलगीची १० सेकंदांची मोनो वेव्ह फाइल ३२ किलोहर्ट्झला आणा, ठेक्याच्या पहिल्या ठोक्यावर अचूक कापा आणि नमुना म्हणून द्या. पुढचा ठेका बऱ्यापैकी धरतो. ड्युरेशन (एकूण लांबी) ३० ठेवलं तर त्यात नमुन्याचे १० धरलेले असतात, नवं २० सेकंदच. मैदानातलं रेकॉर्डिंग देऊ नका, गर्दीचा गलका आला की मॉडेल तोही पुढे ओढतं. मोबाइलवर आवाज फाटला असेल तर ती फाटही.

व्हिडिओ याला दिसत नाही. फ्रेम काढून ब्लिप या चित्राचं वर्णन लिहिणाऱ्या मॉडेलकडून वर्णन घ्यायचं आणि ते प्रॉम्प्टमध्ये टाकायचं, एवढाच जोड. वर्णनात 'मातीत दोन माणसं' येतं, डावाचा वेग येत नाही. तो हाताने लिहावा लागतो. आठ तुकडे काढून क्लॅपने (आवाज आणि मजकूर किती जुळतात याला गुण देणारं मॉडेल) प्रॉम्प्टशी जुळणारा निवडता येतो, पण हलगीबाबत त्याच्या गुणांवर विसंबू नका, कानाने निवडा.

कट ठोक्यावर पडत नाहीत, ही तक्रार नेहमीची. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक ठोका १२.५ फ्रेमचा, त्यामुळे एकाआड एक कट अर्ध्या फ्रेमने चुकतो. १२५ ला बरोबर १२. प्रॉम्प्टमध्ये १२५ लिहिलं तरी नेमकं तेवढं मिळत नाही. लिब्रोसा या पायथन लायब्ररीने मोजा. १२२ निघालं तर एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या साधनात अटेम्पो (वेग बदलणारा फिल्टर) १.०२४६ ठेवा.

आता ३.५ स्टार. अर्धा परवान्यापायी कापला: कोड एमआयटी, म्हणजे कशालाही वापरा, पण वेट्स (शिकवलेलं मॉडेल) सीसी-बाय-एनसी, म्हणजे धंद्यासाठी नाही. तालमीच्या हौशी पानाला चालेल, ऑर्डर घेऊन केलेल्या लग्नाच्या व्हिडिओला नाही. तिथे हलगीवाल्यांना सुपारी देऊन अर्धा तास नीट रेकॉर्ड करणंच स्वस्त पडतं.