गेकोच्या मादीसाठी अंडी घालण्याची जागा: झाकणाचा डबा, मातीचा थर की बांबूची नळी?

पाळलेल्या गेकोची, म्हणजे पालीच्या वर्गातल्या प्राण्याची, मादी अंड्यावर आली आहे हे बहुधा तेव्हा लक्षात येते, जेव्हा ती टेरेरियमचे (तिला ठेवलेल्या काचेच्या पेटीचे) कोपरे उकरू लागते, आणि मग तिच्यासाठी जागा कोणती करावी याची घाईने शोधाशोध सुरू होते. पर्याय मुळात तीन आहेत: ओलसर माध्यमाने, म्हणजे उकरता येईल अशा पदार्थाने, भरलेला झाकणाचा डबा, टेरेरियमच्या तळाशी पसरलेला मातीचा जाड थर, आणि बांबूच्या नळ्या किंवा बुचाच्या सालीचे तुकडे. हे तिन्ही पर्याय चांगले आहेत; परंतु ते सर्व गेकोंना सारखेच लागू पडत नाहीत. चुकीची जागा दिल्यास मादी अंडी कुठेतरी उघड्यावर टाकते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, पोटात धरून ठेवते. त्यामुळे निवड करताना आपली सोय दुसऱ्या क्रमांकावर ठेवून आधी अंड्याच्या कवचाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

लेपर्ड गेको, आफ्रिकन फॅट-टेल्ड गेको, तसेच न्यू कॅलेडोनियातील क्रेस्टेड आणि गार्गॉइल गेको यांच्या अंड्यांचे कवच मऊ, चामड्यासारखे असते. अशी अंडी भोवतालच्या मातीतून पाणी शोषून घेत फुगतात आणि उघड्यावर पडली तर काही तासांतच सुरकुतू लागतात. म्हणूनच या माद्या अंडी पुरतात. लेपर्ड गेको हा कोरड्या, खडकाळ प्रदेशातला प्राणी असला तरी अंड्यांसाठी त्याला ओल हवीच असते. याउलट टोके गेको, डे गेको आणि मोर्निंग गेको यांची अंडी चुनखडीसारख्या कडक कवचाची असतात. बाहेर येताना ती मऊ असतात आणि थोड्याच वेळात कडक होतात. मधल्या काळात मादी ती मागच्या पायांत धरून त्यांना आकार देते किंवा एखाद्या पृष्ठभागावर दाबून चिकटवते. ही अंडी आतले पाणी बऱ्याच अंशी स्वतःच राखतात, त्यामुळे त्यांना पुरण्याची गरज नसते आणि ओल्या मातीचा डबा त्या मादीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. एका खेपेत बहुतेक जातींची मादी दोन अंडी घालते, एवढे मात्र दोन्ही गटांत सारखे आहे.

मऊ कवचाच्या गटासाठी खरी तुलना डबा आणि मातीचा थर यांच्यातच आहे. मातीच्या थराची बाजू आधी मांडतो, कारण ती दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. ज्यांच्या टेरेरियममध्ये जिवंत झाडे आहेत आणि तळाशी दहा सेंटिमीटर किंवा अधिक माती आहे, त्यांच्या क्रेस्टेड गेकोला वेगळ्या जागेची गरज बहुधा भासत नाही. मादी रात्री झाडांवरून खाली उतरते, एखाद्या मुळाशी किंवा ओंडक्याखाली खड्डा करते, अंडी घालते आणि माती इतकी नीट लोटते की सकाळी काही घडले होते असे वाटतही नाही. तिच्या स्वभावाला हे सर्वांत जवळचे आहे. अडचण पाळणाऱ्याची होते: अंडी नेमकी कुठे आहेत हे कळत नाही, ती शोधताना मुळे तुटतात, अंडी उलटीपालटी होतात आणि कधी ती सापडतच नाहीत. न सापडलेल्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडली तर त्याच टेरेरियममधील प्रौढ गेको त्यांना भक्ष्य समजून खाऊ शकतात. शिवाय मोठ्या थराचा ओलावा एकसारखा राखणे कठीण असते. वरचा भाग कोरडा आणि तळ चिखल, अशी स्थिती सहज होते.

डब्यात हे सर्व आटोक्यात राहते. मादी पूर्णपणे वळू शकेल इतका रुंद, अपारदर्शक किंवा बाहेरून झाकलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. प्रौढ लेपर्ड गेकोसाठी साधारण २० सेंटिमीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि तितकाच उंच डबा पुरतो. झाकणाला किंवा माध्यमाच्या पातळीच्या वर बाजूला पाच सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडून त्याच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, म्हणजे मादीचे पोट खरचटणार नाही. आत ७ ते १० सेंटिमीटर माध्यम भरावे. पुष्कळ जण दोन-तीन सेंटिमीटर भरून थांबतात आणि मादी डबा नाकारते अशी तक्रार करतात. तिला तळ लगेच लागतो आणि तो खड्डा पुरेसा सुरक्षित वाटत नाही, हे त्यामागचे साधे कारण असते. डब्याचा एक तोटा मान्य करायला हवा: तो मादीसाठी परका असतो. तळाला माती असलेल्या टेरेरियममध्ये डबा ठेवला तर ती बाहेरचीच माती पसंत करण्याची शक्यता मोठी असते. म्हणून डबा निवडायचा असेल, तर बाहेरचा तळ कागद, फरशी किंवा पातळ कोरडा थर एवढाच ठेवावा, जेणेकरून खोल आणि ओली अशी जागा टेरेरियममध्ये एकच उरेल.

लेपर्ड गेको पाळणाऱ्यांकडे कात टाकण्यासाठी ओलसर लपणे (लपून बसण्याची ओली जागा) असतेच. त्यालाच अंड्यांचा डबा करावे की वेगळा डबा ठेवावा, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मी पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे. मादी त्या लपण्यात वर्षभर जात-येत असते, तिथला वास तिच्या ओळखीचा असतो, आणि अंड्यावर आल्यावर ती आपोआप तिथेच उकरू लागते. त्यासाठी एकच बदल आवश्यक आहे: ते लपणे पहिल्यापासूनच खोल असावे आणि त्यात नुसत्या ओल्या कागदाऐवजी उकरता येईल असे माध्यम असावे. मात्र त्या टेरेरियममध्ये दोन माद्या असतील तर स्वतंत्र डबे हवेत, कारण एकीने पुरलेली अंडी दुसरी उकरून बाहेर काढते.

माध्यमाच्या बाबतीत बाजारात मिळणाऱ्या पदार्थांचे गुण बरेच वेगवेगळे आहेत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलावा चांगला धरते, त्यात केलेला खड्डा बऱ्यापैकी टिकतो आणि गडद रंगामुळे पांढरी अंडी चटकन दिसतात. एकच माध्यम निवडायचे झाल्यास मी तेच निवडेन. त्यात थोडी स्वच्छ वाळू मिसळली तर लेपर्ड गेकोला उकरण्यासाठी हवा तो भरीवपणा येतो. स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचे शेवाळ) स्वच्छ असते, लवकर कुजत नाही आणि अंडी शोधणेही सोपे जाते, पण त्यात खरा खड्डा करता येत नाही, म्हणून ते कोकोपीटवरचा वरचा थर म्हणून अधिक शोभते. क्रेस्टेड गेकोंना ही मांडणी विशेष मानवते. व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेले हलके खनिज) अंडी उबवण्यासाठी उत्तम असून अंडी घालण्यासाठीही चालते, परंतु ते हलके असल्याने खड्ड्याच्या कडा ढासळतात. पर्लाइटचे, म्हणजे फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे, खडे तर याहूनही सुटे असतात. ते उबवणीच्या डब्यापुरतेच ठेवावेत. कुंड्यांसाठी तयार मिळणारी खत किंवा कीटकनाशक मिसळलेली माती पूर्णपणे टाळावी. माध्यम कोणतेही असले तरी ओलाव्याची परीक्षा एकच आहे: मुठीत घट्ट दाबल्यावर पाणी निथळू नये आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा. पाणी साचलेल्या माध्यमात मऊ कवचाची अंडी कुजतात, आणि बहुतेक माद्या अशी जागा स्वतःच टाळतात.

जागा कुठे ठेवली आहे, याला माध्यमाइतकेच महत्त्व आहे. लेपर्ड गेकोचा डबा टेरेरियमच्या उबदार बाजूला, परंतु थेट हीटरवर नव्हे, असा ठेवावा. माध्यमाचे तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असले की मादी ते सहज स्वीकारते. क्रेस्टेड गेकोला इतकी ऊब नको असते. सौम्य हवामानातल्या या जातीसाठी २२ ते २५ अंश तापमानाचा, झाडांनी झाकलेला कोपरा योग्य होय. तापमापकाचे टोक हवेत न ठेवता माध्यमात खुपसून पाहावे, कारण दोन्हींत कित्येक अंशांचा फरक असू शकतो. मादी नेमकी कोणती बाजू पसंत करेल याची खात्री नसेल, तर पहिल्या हंगामात एकसारखे दोन डबे दोन ठिकाणी ठेवावेत आणि निवड तिच्यावर सोडावी; मग पुढच्या खेपांसाठी तीच जागा कायम ठेवावी, कारण एकदा मान्य केलेल्या जागी मादी बहुधा पुन्हा येते. डबा मिलनानंतर लगेच ठेवावा, पोट फुगल्यावर नव्हे. लेपर्ड गेकोची मादी साधारण तीन ते चार आठवड्यांत पहिली अंडी घालते, आणि तोवर तिने तो डबा अनेकदा आतून पाहिलेला असावा. ती आत असताना झाकण उघडू नये. अर्धवट खड्डा सोडून बाहेर आलेली मादी पुन्हा सुरुवात करायला बराच वेळ घेते. या काळात नर त्याच टेरेरियममध्ये असेल तर त्याला दुसरीकडे हलवावे.

कडक कवचाच्या अंड्यांसाठी तुलना वेगळी आहे आणि तुलनेने सोपी आहे. डे गेकोच्या ज्या जाती अंडी चिकटवत नाहीत, उदाहरणार्थ मादागास्करचा मोठा डे गेको किंवा सोनेरी ठिपक्यांचा डे गेको, त्यांच्यासाठी एका टोकाला बंद असलेली बांबूची नळी सर्वांत सोयीची. मादी अंडी आत ठेवते आणि नळी उचलली की ती हाती येतात. रुंद पानांच्या बेचक्यातही त्या अंडी घालतात, पण ती तिथून काढताना पान फाटते. टोके आणि मोर्निंग गेकोसारख्या चिकटवणाऱ्या जातींसाठी नळीपेक्षा बुचाच्या सालीचा सपाट तुकडा किंवा काढता येणारी फळी बरी, आणि ती काचेच्या मागील भिंतीला समांतर, अंधाऱ्या फटीत उभी लावावी. असे न केल्यास मादी काचेवरच अंडी चिकटवते. चिकटलेले अंडे खरवडून काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. कवच तडकते आणि अंडे वाया जाते. काचेवरची अंडी तशीच ठेवून त्यांवर भोके असलेला छोटा पेला किंवा बारीक जाळी चिकटवावी, म्हणजे पिल्ले बाहेर पडताच सुरक्षित सापडतील. टोके गेको आपल्या अंड्यांची राखण करतो आणि जवळ आलेल्या हाताला जोरात चावतो, त्यामुळे झाकण लावण्यापूर्वी प्रौढ जोडी तात्पुरती बाहेर काढणे शहाणपणाचे ठरते.

मऊ कवचाची अंडी मात्र मी जागेवर ठेवण्याच्या विरोधात आहे. डब्यातला ओलावा मादीच्या पुढच्या उकरण्याने बिघडतो, टेरेरियममध्ये सुटे राहिलेले किडे अंडी कुरतडू शकतात, आणि तापमान आपल्या हाती राहत नाही. लेपर्ड गेकोमध्ये पिल्लांचे लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते: सुमारे २६ अंशांवर बहुतेक माद्या, तर ३२.५ अंशांच्या आसपास बहुतेक नर जन्मतात. अंडी काढण्यापूर्वी त्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकी खूण करावी आणि उचलताना व उबवणीत ठेवताना तीच बाजू वर राहू द्यावी, कारण साधारण एका दिवसात गर्भ कवचाच्या आतील पडद्याशी जोडला जातो आणि त्यानंतर अंडे फिरवल्यास तो दगावू शकतो. पिल्ले नको असतील तरी अंडी काढावीतच. त्या स्थितीत ती लगेच गोठवावीत.

ज्यांच्याकडे एकटीच मादी आहे, त्यांनी हा विषय आपला नाही असे समजू नये. नराशिवायही मादी अफलित अंडी धरू शकते, आणि पूर्वी मिलन झालेली मादी शुक्राणू शरीरात साठवून महिन्यांनंतरही फलित अंडी घालू शकते. अंडे फलित असो वा नसो, ते बाहेर येण्यासाठी मादीला योग्य जागा लागतेच. ही जागा न मिळणे हे अंडी पोटात अडकण्याचे एक प्रमुख कारण आहे. दुसरे कारण कॅल्शियमची कमतरता. प्रत्येक खेपेला कवचासाठी मादीच्या शरीरातून कॅल्शियम खर्च होते आणि स्नायूंच्या आकुंचनासाठीही तेच लागते, म्हणून अंड्यावर आलेल्या मादीच्या खाद्यावर कॅल्शियम व डी३ जीवनसत्त्वाची भुकटी नियमितपणे लावावी आणि टेरेरियममध्ये शुद्ध कॅल्शियमची वाटी ठेवावी. पिण्याचे पाणी कधीही संपू देऊ नये.

मादी सगळीकडे उकरून पाहते पण कुठेच अंडी घालत नाही, असे दिसले तर माध्यम बदलण्याआधी ओलावा, खोली आणि तापमान या क्रमाने तपासावे. बहुतेक वेळा दोष यांपैकीच एकात असतो. दुरुस्ती केल्यावर एक-दोन रात्री तिला पूर्ण शांतता द्यावी. त्यानंतरही अंडी आली नाहीत, किंवा उकरणे थांबून ती सुस्त पडली, डोळे मिटून राहू लागली, शेपटी बारीक होऊ लागली किंवा मागचे पाय थरथरू लागले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. क्ष-किरण तपासणीवरून अंड्यांची स्थिती कळते, आणि कॅल्शियमचे इंजेक्शन पुरेल की शस्त्रक्रिया करावी लागेल याचा निर्णय तेच घेऊ शकतात. घरी पोट दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याने अंडवाहिनी फाटू शकते.