ऑझीचा सॅबथ की डिओचा?

फोंड्यातल्या माझ्या भाच्याला ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा एकच एलपी (मोठी रेकॉर्ड) घ्यायचा आहे: १९७० चा 'पॅरानॉइड' की १९८० चा 'हेवन अँड हेल'? पहिल्यात गायक ऑझी ऑस्बर्न, दुसऱ्यात त्याच्या जागी आलेला रॉनी जेम्स डिओ.

खरा फरक गळ्याचा. ऑझी बरेचदा गिटारच्या सुरावरूनच चालतो. 'आयर्न मॅन'मध्ये तर गाण्याची चाल आणि गिटारची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, एकच. डिओ गिटारपासून सुटा होऊन वर चढतो, सूर धरून ठेवतो. 'चिल्ड्रन ऑफ द सी' अगदी हळुवार सुरू होतं, मग तो असा काही सूर लावतो की नाट्यसंगीतावर वाढलेले आमचे बाबासुद्धा पेपर खाली ठेवून ऐकत बसले.

गिटार दोन्हीकडे टोनी आयोमीचीच, त्यामुळे तिथे डावं-उजवं करायला नको. लांबीही सारखीच, चाळीसेक मिनिटं. वाजवायला शिकायचं तर 'पॅरानॉइड' सोपा.

तेव्हा बाळा, गिटार नुकती हातात घेतली असशील तर 'पॅरानॉइड' आण. गाणं ऐकायचं असेल, तर 'हेवन अँड हेल'च. आणि पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते, कोरड्या कपाटात उभा ठेव.