काटा 3.6 वर अडतो तेव्हा : ‘चेर्नोबिल’ पाहून

एक्स-रे विभागात 17 वर्षं काढल्यावर पडद्यावरचं रेडिएशन बघायला मी सहसा बसत नाही. हिरवा उजेड, भोंगे आणि पांढरा कोट घालून धावणारा कुणीतरी, एवढंच असतं. ‘चेर्नोबिल’ लावली तीही नवऱ्याच्या आग्रहाखातर. 2019 ची, पाचच भागांची मालिका. एक भाग बघून झोपायचं ठरलं होतं. दोन झाले.

खरं तर हिनं लपवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. 26 एप्रिल 1986 ला सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सुरुवात होते ती त्यानंतर दोन वर्षांनी : शास्त्रज्ञ लेगासोव सगळं टेपवर बोलून ठेवतो आणि गळफास घेतो. नायक वाचणार का, हा प्रश्न तिथेच निकालात. मग लगेच स्फोट, तोही एका घराच्या खिडकीतून दिसणारा. आधी मुकाट उजेड, मग घराला हादरा. म्हटलं, आता पाच तास दाखवणार काय?

तेवढ्यात अग्निशमन दलाचा एक जवान जमिनीवरचा काळा तुकडा उचलतो. मी ओरडले, “टाक ते!” नवरा म्हणाला, “अगं, दगड आहे तो.” तो ग्रॅफाइट होता, अणुभट्टीच्या पोटातला. तो बाहेर पडलाय याचा अर्थ भट्टी उघडी पडलीय. मला कळत होतं, नवऱ्याला नाही आणि त्या पोरालाही नाही.

दुसऱ्या भागात हेलिकॉप्टरमध्ये मंत्री शेरबिना लेगासोवला दरडावतो : भट्टी कशी चालते ते सांग, नाहीतर खाली फेकून देईन. लेगासोव कागदावर आकृती काढून चार वाक्यांत सांगतो. खाली उतरल्यावर केंद्राचे अधिकारी थापा मारू लागतात, तेव्हा हाच शेरबिना विचारतो, छपरावर मला ग्रॅफाइट का दिसलं? नवरा ताठ बसला. “पकडले!” म्हणाला. तासाभरापूर्वी ज्याला दगड वाटला होता, तोच हा माणूस. मालिकेची पकड मला इथे सापडली. ती आधी तुम्हाला शहाणं करते आणि मग काहीच माहीत नसलेली, किंवा माहीत असून नाकारणारी माणसं समोर उभी करते. तुम्ही नुसते बघत राहता, हात बांधलेले.

3.6 रॉंटजेनचं (रॉंटजेन म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक) प्रकरण तर मी नव्या पोरांना शिकवताना वापरणार आहे. कंट्रोल रूममधलं मोजयंत्र 3.6 दाखवतं, कारण त्यापुढे मोजायची त्याची ऐपतच नाही. आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की काटा टोकाला टेकला असेल तर तो आकडा वाचायचा नसतो. इथे मात्र तोच आकडा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, खालून वर मॉस्कोपर्यंत जातो, आणि प्रत्येक पायरीवर जास्त खात्रीनं सांगितला जातो. पुढे मोठ्या क्षमतेचं यंत्र घेऊन एक जनरल स्वतः जाऊन येतो. आकडा निघतो 15,000.

खटकलेलंही सांगते. रुग्णाला शिवल्यानं रेडिएशन ‘लागतं’ असा समज हॉस्पिटलच्या प्रसंगांतून पसरतो. रुग्णाला धुऊन, कपडे बदलून घेतल्यावर तसा धोका जवळपास उरत नाही. पोटातल्या बाळानं आईवरचं रेडिएशन शोषून घेतलं, हे तर मला अजिबात पटलेलं नाही. खोम्युक ही शास्त्रज्ञ काल्पनिक, अनेक शास्त्रज्ञांची मिळून केलेली, आणि तिचं कधी काही चुकतच नाही. ती आली की मी चहा टाकायला उठायचे. शेवटी केंद्राच्या अधिकाऱ्यांवर खटला चालतो; लेगासोवही त्याला प्रत्यक्षात हजर नव्हता, पण तेवढं माफ. तिथे लाल-निळ्या पाट्या लावत तो स्फोटाचं कारण उलगडतो, तितकं सोपं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

चौथ्या भागात छपरावरचं ग्रॅफाइट फावड्यानं खाली ढकलायला एकेका सैनिकाला 90 सेकंद मिळतात. कॅमेरा एकाच्या मागे लागतो तो मध्ये तुटतच नाही. पोरगा अडखळतो, मोजयंत्र कडकडत राहतं. मी गुडघ्यावर बोट आपटत सेकंद मोजत होते. त्या रात्री नवऱ्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच विचारलं, “तुमचे ते रेडिएशन मोजणारे बॅज तपासतात ना वेळेवर?”

याच भागात मागे राहिलेल्या कुत्र्यांना गोळ्या घालतात. लांबलंय ते, आणि कुत्री पाळणाऱ्यांनी तेवढं सरळ पुढे पळवावं. तिसरा भाग जेवताना लावू नका. सबटायटल्स हवीतच, नावं पटापट येतात. आणि आवाज नीट ऐका. पार्श्वसंगीत एका बंद पडलेल्या अणुवीज केंद्रात रेकॉर्ड केलेल्या आवाजांतून केलंय; पंप, दारं, भिंतींची घुमघुम. तिसरा भाग संपला आणि आमचा फ्रिज घुमायला लागला, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच मागे वळून पाहिलं.