ग्लुटेन-फ्री म्हणून मैद्याचा केक गळ्यात मारला

सिलिअ‍ॅक (ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, न चालणारा आजार) असलेल्या मुलांच्या आई-बाबांनो, वाढदिवसाचा केक घरगुती बेकरकडून मागवणार असाल तर थांबा. "फक्त नाचणी आणि तांदळाचं पीठ, भांडी वेगळी, ओव्हन वेगळा" असं मेसेजवर लिहून देऊन एक किलो एगलेस केकचे आमच्याकडून २,४०० रुपये घेतले, वर डिलिव्हरीचे ६०. मैद्याचा तेवढाच केक ९०० ला मिळतो.

कापतानाच कळायला हवं होतं, हे अजून डाचतं. नाचणीचा केक तपकिरी होतो. हा आतून पांढराफेक. बोटाने दाबला की लगेच वर येत होता, सुरीला कणही चिकटला नाही. ग्लुटेन नाही, अंडं नाही, झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड) पण नाही, तर पिठाला धरून ठेवणार काय? असा केक भुसभुशीतच होतो. पण वरून क्रीमचा जाड थर, पोरं ताटल्या घेऊन ताटकळलेली. त्या गडबडीत लेकीच्या हातातला घास कोण हिसकावून घेईल? रात्रभर उलट्या झाल्या तिला.

उरलेला तुकडा लॅबला दिला, ३,२०० रुपये मोजले. ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं, हे त्याच्या कितीतरी पट निघालं. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर (अन्न परवान्याचा) फॉसकॉसवर, म्हणजे त्यांच्या परवान्यांच्या वेबसाइटवर टाकला, तर तो भलत्याच गावच्या फरसाणवाल्याचा! ऑर्डर देण्याआधीच तपासा हा नंबर.

तक्रारीचं तर विचारूच नका. अन्न कार्यालयातले साहेब म्हणाले, "तुमचा नमुना चालत नाही." अन्न सुरक्षा कायद्याचं कलम ४० दाखवलं, ग्राहकालाही नमुना तपासून घेता येतो म्हणून, तर म्हणे खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवायला हवं होतं की तपासून घेणार आहे. कायद्यात तसं आहेही. पण वाढदिवसाचा केक घेताना असं कोण सांगतं? पोलीस म्हणाले, खाण्याचं प्रकरण आहे, तिकडेच जा. हेल्पलाइनने फोनही न करता तक्रार 'निकाली' काढली. वर अन्न कार्यालयातल्या साहेबांनी ऐकवलं, ॲलर्जी आहे तर बाहेरचं देता कशाला! ॲलर्जी नाही हो, ऑटोइम्यून आजार आहे, ग्लुटेन पोटात गेलं की शरीरच स्वतःच्या आतड्याला इजा करतं. अन्न तपासणाऱ्यांनाच हे माहीत नसेल तर जायचं कुणाकडे?

'मैदा-फ्री' वर भुलू नका, त्यात बऱ्याचदा कणीक असते. आयोडीनची चाचणी निरुपयोगी, ती स्टार्च दाखवते आणि तांदळाच्या पिठालाही निळं करते. पूर्ण पैसे आधी देऊ नका, मेसेज पुसू नका, एक तुकडा डबाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. घरीच करणार असाल तर कपभर पिठाला अर्धा चमचा झँथन गम पुरतो.

त्या बेकरच्या ऑर्डरी अजून चालू आहेत, भाव आता २,६०० झालाय.