गंगावेशीतली वजनावरची कुल्फी

मी गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधातली फॅट मोजतो. त्यामुळे गोडाच्या कुठल्याही दुकानात गेलो की माझं लक्ष आधी दुधावर जातं, सुकामेवा वगैरे नंतर. कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या एका बोळात कुल्फीचं एक छोटं दुकान आहे. त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते याच कारणानं. तिथं दूध खरंच आटवतात आणि ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आटवतात.

दुकान म्हणजे एक गाळा. पुढं काउंटर, त्यावर इलेक्ट्रॉनिक काटा, मागं भट्टीवर मोठी लोखंडी कढई. दुपारी तीनच्या आत गेलात तर कढई चढलेली दिसेल. मालकांना सगळे मामाच म्हणतात. मामा लांब दांड्याचं उलथनं घेऊन उभे असतात आणि कडेला धरलेली साय सारखी खरवडून परत दुधात ढकलत असतात. हा कामाचा खरा कस. साय कडेलाच राहिली तर ती करपते आणि मग सगळ्या कढईला जळका वास लागतो. हात थांबला नाही तर त्याच सायीचे बारीक पापुद्रे कुल्फीत दाताखाली येतात. आटलेल्या दुधाला जो फिकट बदामी रंग चढतो तो मंद आचेनं, दुधातली साखर आणि प्रथिनं एकत्र तापून येतो. रंगाच्या बाटलीतून तो येत नाही, आणि ती चवही येत नाही.

दूध म्हशीचं. मी न राहवून विचारलं, "मामा, फॅट किती लागते?" ते म्हणाले, "सात टक्क्यांच्या खाली असलं तर मी घेतच नाही. दहा लिटरचं चार लिटर करायचं, मग पातळ दूध कशाला उकळत बसू?" माझ्यासारख्या माणसाला याहून वेगळं प्रमाणपत्र नको. तसंही ह्या भागात दुधाच्या बाबतीत कुणाला फसवणं सोपं नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून ग्लासात धार काढून देतात. ते दूध पिऊन वाढलेल्या माणसाला पाणी घातलेलं लगेच कळतं.

साचे पत्र्याचे, निमुळते. झाकणाला रबर लावून ते लाकडी पिंपात, बर्फ आणि खड्या मिठात उभे करतात. नुसता वितळणारा बर्फ शून्य अंशावरच अडून राहतो. मीठ नीट पडलं की खारं पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणून पिंपातला गारवा शून्याच्या बराच खाली उतरतो आणि कुल्फी पटकन धरते. पटकन धरली की बर्फाचे खडे होत नाहीत. घरी फ्रीजरमध्ये तासन्‌तास ठेवलेली कुल्फी कचकचीत का होते, त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण म्हणजे दूध पुरेसं आटलेलं नसतं आणि पाणी जास्त राहतं.

आता भावाबद्दल. १०० ग्रॅमला ७० रुपये. माझ्यासोबत आलेल्या मित्राला महाग वाटलं, म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडतो. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा भरली जाते. एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरावं असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. म्हणजे १०० मिलिलिटरचा कप घेतला तर त्यात ५२-५३ ग्रॅमच माल असू शकतो, आणि तो नियमात बसतो. कुल्फी घुसळत नाहीत, म्हणून त्यात हवा जवळजवळ नसतेच. काट्यावर मोजून दिलेले १०० ग्रॅम हा निव्वळ माल आहे. शिवाय कपावर 'फ्रोजन डेझर्ट' छापलेलं असेल तर त्यात वनस्पती तेल असू शकतं, तेही वाचून घेत जा. रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात मला कुल्फी म्हणून कॉर्नफ्लोअरचा चिकट गोळा खायला घातला होता. तो टाळूला चिकटून बसला होता. चांगली कुल्फी टाळूला चिकटत नाही, घट्ट असूनही सावकाश विरघळते आणि शेवटी तोंडात फक्त दुधाचा गोडवा ठेवते.

मामा साचा दोन्ही तळहातांत धरून फिरवतात, कुल्फी पानावर सोडतात, सुरीनं जाड काप करतात आणि पान काट्यावर ठेवतात. पानाचं वजन आधी वजा केलेलं असतं. काडीवरची पण मिळते, पण कापच घ्या. कडा आधी मऊ पडतात, मधला भाग घट्ट राहतो, आणि एकाच घासात दोन्ही येतात.

मलई कुल्फी उत्तम, तिच्यात वेलदोडा आहे पण दुधावर चढत नाही. पण इथली खरी कुल्फी म्हणजे गुळाची. आपल्या जिल्ह्याच्या गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे, तरी गुळाची कुल्फी करायला फारसं कुणी धजत नाही, कारण गरम दुधात गूळ पडला की दूध नासायची भीती. मामा आटवलेलं दूध पूर्ण गार करतात आणि मगच गुळाचा गाळलेला पाक घालतात. पहिल्या घासालाच गुऱ्हाळावरच्या काहिलीचा वास येतो, मागून किंचित खारट चव. मला तरी अशी कुल्फी दुसरीकडं मिळालेली नाही. गुऱ्हाळं सुरू असतात त्या थंडीच्या दिवसांत ती नक्की मिळते, एरवी विचारून जा.

सीताफळाचंही तसंच. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तोही गार दुधातच जातो. मामांची सून दुपारी बसून हातानं बिया काढत असते. गराच्या पाकळ्या अख्ख्या राहतात, मिक्सरमध्ये फिरवलेला लगदा नव्हे. एखादी बी दाताखाली येते, ती आली तरी मला चालते. हापूसची उन्हाळ्यात असते आणि चांगली असते, पण आंबा इतका पुढं येतो की त्या दुधामागची मेहनत झाकली जाते.

दोन गोष्टी पटल्या नाहीत. फालुदा घेऊ नका. शेवया फार मऊ, आणि रोझ सिरप इतकं ओततात की खाली घातलेली सुंदर कुल्फी कळतच नाही. पिस्त्याच्या कुल्फीला हिरवा रंगही घालतात. मी मामांना तसं बोललो. म्हणाले, "हिरवी नसली तर पोरं घेत नाहीत ओ." असेल, पण ज्यांनी दुधाला रंग लावला नाही त्यांनी पिस्त्यालाही लावू नये असं मला अजून वाटतं.

बसायला बाहेर एकच बाकडं आहे, वयस्कर माणसं बरोबर असतील तर संध्याकाळी सातच्या आत जा. नंतर रंकाळा तलावावरून परतणारी गर्दी येते आणि गुळाची संपलेली असते. गाडी बोळात नेऊ नका, वळत नाही. पार्सल थर्माकोलच्या डब्यात मिठाच्या बर्फासकट देतात, डब्याचे २० रुपये वेगळे. मी ते गावापर्यंत पाऊण तास मोटारसायकलवर नेलंय, काप जसेच्या तसे होते. सोमवारी बंद.