पोरीची डीएनए स्पोर्ट्स टेस्ट केली, ७ हजार गेले

मुलगी ११ वर्षांची, रोज ग्राउंडवर १०० मीटर मारते, आणि फोनवर सारखी जाहिरात यायची की नुसत्या लाळेवरून कळेल मूल स्प्रिंटर होणार की मॅरेथॉनवालं. घातले ७ हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको.

किट झकास. अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग ट्यूबमध्ये थुंकायचं, कुरिअरवाला घरून घेऊन गेला आणि तीन आठवड्यांत ३२ पानी पीडीएफ. इथपर्यंत नाव ठेवायला जागा नाही.

रिपोर्टात एसीटीएन३ जीन, टाइप एक्सएक्स. बायको म्हणाली, मुलगी आहे एवढंच सांगायचे सात हजार? तसं नाही, हा एक्सएक्स वेगळा, म्हणजे झटक्यात जोर लावणाऱ्या स्नायूंत जे अल्फा-ॲक्टिनिन-३ प्रोटीन असतं ते हिच्यात बनतच नाही. खाली लाल पट्टीत लिहिलेलं, स्प्रिंटसाठी योग्य नाही, लांब पल्ल्याकडे वळवा. पोरीने ते वाचलं आणि दोन दिवस ग्राउंडवर गेली नाही, डोकं फिरलं ते तिथे.

मग मीच वाचत बसलो. जीनचं अगदीच खोटं नाहीये, २००३ साली ऑस्ट्रेलियात टॉपच्या स्प्रिंटरांमध्ये एक्सएक्सवाले फारच कमी निघाले होते. पण जगात असे शंभर कोटींच्या वर लोक आहेत, त्यातला स्पेनचा एक लांब उडीवाला ऑलिंपिक खेळून आलाय. आणि साधी उंची घ्या, जी भिंतीला उभं करून मोजता येते, तिच्यासाठी २०२२ मध्ये ५० लाखांवर लोकांचे डीएनए तपासले तर त्या डीएनएमध्ये उंचीशी जोडलेल्या १२ हजारांहून जास्त जागा सापडल्या, प्रत्येक जागा थोडा थोडा फरक पाडणारी. पळण्यात तर हृदय, फुफ्फुसं, स्नायू, खाणंपिणं, सराव सगळंच आलं, आणि ही कंपनी पाच जीन बघून पोरीचं भविष्य सांगणार! २०१५ ला या विषयातल्या शास्त्रज्ञांनीच मिळून लिहून ठेवलंय की मुलांमधलं टॅलेंट हुडकायला असल्या टेस्ट वापरू नका.

कोच सरांना रिपोर्ट दाखवला तर म्हणाले, अहो दिवाळीपासून अर्धा सेकंद कमी केलाय तिने, ते कुठल्या पानावर आहे?

त्यात रिपोर्ट आल्यापासून डाएट प्लॅन घ्या म्हणून रोज फोन. एक स्टार, तो कुरिअरवाल्याचा. सॅम्पल आणि डेटा डिलीट करा म्हणून मेल टाकलाय, 'रिक्वेस्ट मिळाली' एवढंच उत्तर आलंय.